पाचक गोळ्या, 'चांगले जंतू' आणि गव्हाची पोळी

लग्नसराई सुरू झाली की दवाखान्यात पोटाच्या तक्रारींची गर्दी वाढते. "जेवण झालं की पोट डब्ब होते जी, ढेकरा येतात, पोळी पचत नाही," हे वाक्य मी दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. यातील बहुतेकांनी माझ्याकडे येण्यापूर्वीच औषधाच्या दुकानातून पाचक औषधाची बाटली आणून अर्धी संपवलेली असते. गेल्या काही वर्षांत तिच्या जोडीला 'चांगल्या जंतूंच्या' म्हणजे प्रोबायोटिक कॅप्सूल आल्या आहेत. आणि आता एक नवा प्रश्न विचारला जातो: "गव्हातलं ग्लुटेन पचवायची गोळी मिळते म्हणतात. ती घेऊन पोळी खाल्ली तर चालेल का?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. काहींच्या बाबतीत अशी गोळी निरुपद्रवी पण निरुपयोगी असते. काहींना ठरावीक पाचक औषध खरोखरच आवश्यक असते. आणि काहींच्या बाबतीत अशा गोळीवर विसंबून राहणे धोक्याचे असते. आपण यांपैकी कोणत्या गटात मोडतो हे कळण्यासाठी आधी पचनाची थोडी माहिती हवी.

पोळी-भाताचे पोटात काय होते?

तांदूळ, ज्वारी आणि गहू या तिन्ही धान्यांचा सर्वांत मोठा भाग पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा असतो. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कणांची माळ. ही माळ तोडण्याचे काम विकरे करतात. औषधाच्या वेष्टनावर त्यांनाच एन्झाइम म्हटलेले असते. पहिले विकर लाळेत असते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की तो गोडसर लागतो, तो त्याच्यामुळेच. जठरातील आम्लात लाळेचे काम थांबते. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचा रस मिसळतो. त्यात अमायलेझ नावाचे पिष्ट तोडणारे विकर भरपूर असते. राहिलेले तुकडे आतड्याच्या अस्तरावरील विकरे तोडतात आणि ग्लुकोज रक्तात जाते.

निसर्गाने या कामी मोठा शिल्लक साठा ठेवला आहे. स्वादुपिंडाची सुमारे नव्वद टक्के क्षमता गेल्याशिवाय अन्न न पचल्याची ठळक लक्षणे सहसा दिसत नाहीत. म्हणून "माझे पाचक रस कमी पडतात" हे धडधाकट माणसाचे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते.

मग गॅस का होतो? कारण निरोगी माणसाच्या पोटातही सगळेच पिष्ट लहान आतड्यात पचत नाही. १९८१ साली अमेरिकेतील संशोधकांनी निरोगी लोकांना साध्या गव्हाच्या पिठाचा पाव आणि भात खाऊ घालून त्यांच्या श्वासातील हायड्रोजन वायू मोजला. गव्हाच्या पिष्टाचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यात गेला, भाताचा मात्र जवळजवळ पूर्ण पचला. ग्लुटेन काढून घेतलेल्या गव्हाच्या पिठाचे पिष्टही चांगले पचले. गव्हातील प्रथिनांचे जाळे पिष्टाच्या कणांना वेढून बसते, त्यामुळे विकरे तेथवर नीट पोचत नाहीत, असा याचा अर्थ. हे उरलेले पिष्ट मोठ्या आतड्यातील जंतू आंबवतात आणि त्यातून वायू होतो. पोळीपेक्षा भात 'हलका' वाटतो त्याचे हे एक कारण आहे. हा रोग नव्हे. उलट त्या आंबण्यातून आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडणारी काही आम्लेही तयार होतात.

ग्लुटेन म्हणजे काय?

कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली चोळून धुतला की पांढरे पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लुटेन. ते गव्हातील प्रथिन आहे, आणि कणकेला ताण येतो तो त्याच्यामुळे. आपल्याकडची लांब पोळी हातावर पसरता येते ती याच गुणामुळे. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून भाकरी थापावी लागते.

या प्रथिनाची बांधणी अशी आहे की आपल्या पोटातील कात्र्या ते पूर्ण कापू शकत नाहीत. २००२ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ग्लुटेनचा ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा दाखवून दिला. तो जठराच्या, स्वादुपिंडाच्या आणि आतड्याच्या विकरांना पुरून उरतो. बहुतेक माणसांना त्याचा काहीही त्रास होत नाही. परंतु विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या काही लोकांत शरीराची संरक्षणयंत्रणा या तुकड्यांवर चाल करून जाते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर झिजवते. अस्तरावरील बोटांसारखे उंचवटे सपाट होतात आणि अन्नरस शोषला जात नाही. या आजाराला सीलियाक आजार म्हणतात.

याचा गव्हाशी असलेला संबंध हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुले सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. १९५० साली डिके यांनी आपले निष्कर्ष प्रबंधरूपाने मांडले.

आपल्याकडे हा आजार आहे का?

"हा साहेब लोकांचा आजार" असे पूर्वी समजले जाई. ती समजूत आता टिकत नाही. भारतातील तीन विभागांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत सीलियाक आजार आढळला. आनुवंशिक ठेवण तिन्हीकडे फारशी वेगळी नव्हती. मोठा फरक होता तो गव्हाच्या वापरात.

आपला नागपूर विभाग या दोन्हींच्या मध्ये आहे. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे भात, वऱ्हाडाकडे ज्वारी, हे आपले जुने जेवण. पण आज दोन्हीकडे रोजच्या ताटात पोळी आली आहे, आणि बिस्किटे, टोस्ट, नूडल्स यांच्या रूपाने मैदाही. आजार दुर्मीळ आहे, पण नाही असे नाही. आणि तो ओळखू येत नाही याचे मोठे कारण म्हणजे तो जुलाबाच्या रूपानेच येतो असे नाही. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पांडुरोग, मुलांची खुंटलेली उंची, उशिरा येणारी पाळी, हाडे दुखणे, वारंवार तोंड येणे, अशाही रूपांत तो येतो.

एक उदाहरण सांगतो. एका तालुक्याच्या गावची एकोणीस वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली गेली. वजन अडतीस किलो, हिमोग्लोबिन सात. विदर्भात असा रुग्ण आला की सिकलसेलची शंका प्रथम येते आणि यायलाच हवी. तिची ती तपासणी झालेली होती आणि त्यात दोष नव्हता. जंताचे औषध झाले होते, लोहाच्या गोळ्या आठ महिने चालू होत्या. शिवाय जेवणानंतर पोट फुगते म्हणून दोन वर्षे पाचक औषध आणि अधूनमधून प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू होत्या. कॅप्सूल घेतल्या की चार दिवस बरे वाटे, म्हणून घरच्यांना वाटे की आपण योग्य वाटेवर आहोत. रक्ताची सीलियाकची तपासणी केली, ती जोरदार दोषी आली. दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान पक्के झाले. गहू पूर्ण बंद केला, लोह आणि ड जीवनसत्त्व दिले. सहा महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले आणि वजन पाच किलोंनी वाढले. पाचक औषध एकही नाही. मधली दोन वर्षे मात्र परत येत नाहीत, आणि वाढीच्या वयात ती फार मोलाची असतात.

पाचक औषधाच्या बाटलीत काय असते?

पिष्ट पचवणारे औषध ही कल्पना नवी नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १८९४ साली अमेरिकेत बुरशीपासून डायास्टेझ मिळवण्याचे पेटंट घेतले. तांदळाची दारू आंबवायला जपानात जी बुरशी वापरतात, तीच ही. आपल्या बाजारातील बहुतेक पाचक औषधांत आजही बुरशीचे डायास्टेझ आणि पेप्सिन असते. काहींत पपईच्या चिकातील पपेन, तर काहींत कोळशाची पूडही असते.

लेबलवर डायास्टेझपुढे '१:१२००' असे लिहिलेले दिसते. याचा अर्थ, एक ग्रॅम डायास्टेझ प्रयोगशाळेत बाराशे ग्रॅम पिष्ट पचवू शकते. चमचाभर औषधात ते ५० मिलिग्रॅम असेल तर हिशेबाने ६० ग्रॅम पिष्ट. आकडा चांगला आहे, पण तो काचेच्या भांड्यातला. पोटात आम्ल असते आणि त्यात डायास्टेझचा बराच भाग निकामी होऊ शकतो. मुख्य म्हणजे, ज्याच्या स्वादुपिंडाचा साठा शाबूत आहे त्याला ही भर घालून विशेष काही मिळत नाही. विहीर भरलेली असताना तांब्याभर पाणी ओतण्यासारखे ते आहे.

पेप्सिनची गोष्ट आणखी गमतीची. ते फक्त तीव्र आम्लात काम करते. अनेक रुग्ण सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी गोळी घेतात आणि जेवणानंतर पेप्सिनचे औषध घेतात. एका हाताने चूल विझवायची आणि दुसऱ्या हाताने पातेले चढवायचे, असा हा प्रकार.

काही विकरांचा उपयोग मात्र खरा आहे. दुधातील साखर न पचणाऱ्यांना लॅक्टेझ विकराचा फायदा होतो. तूर, हरभरा, राजमा यांतील काही शर्करा तोडणारे विकर माणसाच्या शरीरात मुळातच नसते. ते विकर गोळीच्या रूपात मिळते आणि डाळी-उसळींनी होणारा गॅस काही जणांत कमी करते. आणि दीर्घकालीन दारूने, खड्यांनी किंवा अन्य कारणाने स्वादुपिंड खराब झालेल्यांना पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल जेवणासोबत घ्याव्याच लागतात. अशा रुग्णाचे वजन घटते आणि शौचाला तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारे होते. त्यांची मात्रा डॉक्टरनेच ठरवायची असते. साधे पाचक सिरप तेथे पुरे पडत नाही.

ग्लुटेन कापणाऱ्या गोळ्या

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या विकरांना न कापता येणारे ग्लुटेन कापणारी विकरे बुरशी आणि जंतूंपासून मिळाली आहेत, हे खरे आहे. काळ्या बुरशीपासून मिळणारे एक विकर जठरातच ग्लुटेनचा मोठा भाग कापते, असे निरोगी माणसांवरील प्रयोगांत दिसले आहे. परदेशात त्याच्या गोळ्या पूरक आहार म्हणून विकल्या जातात. परंतु 'मोठा भाग' आणि 'सगळे' यांत सीलियाक रुग्णाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

साधा हिशेब करून पाहा. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ढोबळमानाने अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. गोळीने त्यातील नव्वद टक्के नष्ट केले असे धरले, तरी २५० ते ३०० मिलिग्रॅम उरले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील प्रयोगात रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर सीलियाक रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात बिघाड दिसला. म्हणजे गोळी घेऊन खाल्लेली एकच पोळीसुद्धा त्याच्या पाच-सहापट ग्लुटेन देऊन जाते. आपण जेवणात किती पोळ्या खातो, ते आपणच मोजावे.

लॅटिग्लुटेनेझ नावाच्या औषधावर मोठे प्रयोग झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पाचशे रुग्णांच्या प्रयोगात अस्तराच्या सुधारणेत या औषधाचा आणि नुसत्या पिठाच्या गोळीचा फरक दिसला नाही. २०२२ मधील लहान प्रयोगात रोज दोन ग्रॅम ग्लुटेनसोबत ते दिले असता अस्तराची हानी कमी झाली. ही आशादायक गोष्ट आहे. पण दोन ग्रॅम म्हणजे एका पोळीहूनही कमी, आणि हानी कमी झाली, थांबली नाही. म्हणून अशा विकरांचा विचार आज फार तर चुकून पोटात गेलेल्या ग्लुटेनपुरता होऊ शकतो. मनसोक्त पोळी खाण्याचा तो परवाना नव्हे.

'चांगले जंतू' काय करतात?

दह्यातील जंतू आरोग्याला हितकर असावेत, हा विचार रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. दह्याचा एक गुण पक्का सिद्ध आहे: त्यातील जंतू दुधातील साखर पचवायला मदत करतात. म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही-ताक सोसते. कढी उकळली की हे जंतू मरतात. कढी चवीसाठी खावी.

ग्लुटेनबाबत काय? ठरावीक जंतूंनी पीठ बराच काळ आंबवले तर त्यातील ग्लुटेन बऱ्याच अंशी तुटते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण तेच जंतू कॅप्सूलमधून गिळले म्हणजे ते पोटात पोळीवर तसेच काम करतील, असे नाही. जेवण जठर आणि लहान आतड्यातून काही तासांत पुढे जाते, इतक्या वेळात ते आंबत नाही. सीलियाक रुग्णांवरील काही लहान प्रयोगांत प्रोबायोटिकने पोटाची लक्षणे थोडी कमी झाली. लक्षण कमी होणे आणि आजार बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या उदाहरणातील मुलीला चार दिवस बरे वाटत होते, तेही असेच.

पिष्टाच्या पचनातही या कॅप्सूलची मदत फारशी होत नाही, कारण पिष्टाचे मुख्य पचन लहान आतड्यात होते आणि जंतूंची मोठी वस्ती मोठ्या आतड्यात असते. काहींना पहिले काही दिवस गॅस उलट वाढतो. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सर्व पुरावा तपासून, मोजके अपवाद वगळता पचनाच्या बहुतेक आजारांत प्रोबायोटिकची शिफारस करण्याजोगा आधार नाही, असे सांगितले.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाची. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जंतू हवेत. जिवंत, हा शब्द महत्त्वाचा. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या डबीत किती जंतू जिवंत असतील? बीजाणू धरणाऱ्या जाती उष्णता सोसतात, पण दह्याच्या कुळातील जाती नाजूक असतात. लेबलवर थंड जागी ठेवा असे लिहिले असेल तर ते पाळावे.

पोळी सोसत नाही, पण सीलियाकही नाही

असे लोक बरेच असतात, आणि त्यांचा त्रास खोटा नसतो. गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टान नावाची साखळीसारखी शर्करा असते. ती कोणालाच पचत नाही, जंतू ती आंबवतात. नॉर्वेतील २०१८ च्या प्रयोगात, आपल्याला ग्लुटेन सोसत नाही असे सांगणाऱ्या ५९ जणांना कशात काय आहे हे न सांगता दोन्ही पदार्थ दिले. त्रास वाढला तो फ्रुक्टानने, ग्लुटेनने नव्हे. कांदा आणि लसणातही फ्रुक्टान भरपूर असते. ग्लुटेन कापणारी गोळी फ्रुक्टानला हातही लावत नाही. अशा लोकांनी तपासणीत सीलियाक नाही याची खात्री झाल्यावर दोन पोळ्यांऐवजी एक पोळी आणि भाकरी, असा बदल करून पाहावा. बहुतेकांना तेवढे पुरते.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. सीलियाकची शंका असेल तर तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. गहू बंद केल्यावर रक्ताची आणि आतड्याची तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते.

२. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणे, न सुधारणारा पांडुरोग, किंवा पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेली पोटाची तक्रार, यांपैकी काही असेल तर पाचक औषध घेत बसू नये. यामागे कर्करोगही असू शकतो.

३. मधुमेहासाठी अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी स्वतःहून डायास्टेझचे औषध घेऊ नये. मधुमेहाचे औषध पिष्टाचे पचन मंद करते आणि पाचक औषध नेमके त्याच्या उलट काम करते. सिरपमध्ये साखर असते, तेही पाहावे.

४. कोळशाची पूड असलेली गोळी दुसरी औषधे शोषून घेते. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

५. गंभीर आजारी, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णांना डॉक्टरला न विचारता जंतूंच्या कॅप्सूल देऊ नयेत.

६. सीलियाकचे निदान झाल्यास गहू आयुष्यभर आणि पूर्ण बंद करावा लागतो. खपली आणि बन्सी हेही गहूच आहेत. रवा, मैदा, शेवया, पानगे, रोडगे, सातूचे पीठ आणि जव, सगळे वर्ज्य. सांबारवडीच्या आवरणात कणीक किंवा मैदा मिसळतात. बांधलेल्या हिंगात गव्हाचे पीठ असते. चक्कीवर गव्हाच्या पाठोपाठ दळलेली ज्वारीही चालत नाही, तिच्यात गव्हाचे पीठ येतेच. ज्वारी घरी निवडून वेगळी दळावी, शक्य असल्यास घरच्या चक्कीवर. रुग्णाचे आई-वडील, भावंडे आणि मुले यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, सर्व डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मटण हे सगळे अशा रुग्णाला चालते. परदेशातील रुग्णाला ग्लुटेनविरहित पावासाठी जादा पैसे मोजावे लागतात. आपल्या आजीच्या तव्यावरची भाकरी मुळातच ग्लुटेनविरहित आहे. ज्या मुलीची हकीकत सांगितली, तिच्या घरी आता दोन पिठांचे दोन डबे आहेत आणि तिचा तवा वेगळा आहे. तिच्यासाठी औषध म्हणावे ते एवढेच.